राउटर आणि पाण्याची मोटर



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं नोकरीनिमित्त मुंबई-पनवेलकडे राहतात. माझा थोरला तळोज्याच्या एमआयडीसीत आहे. हंगाम संपल्यावर आठ दिवस त्याच्याकडे गेलो होतो. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्याने माझ्यासारखा म्हातारा माणूसही तिकडे एकटा जाऊ शकतो. तिथे घडलेली एक गोष्ट आपल्या सर्वांच्या उपयोगाची वाटली, म्हणून लिहितो.

त्या रात्री नातीला कॉलेज प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुदत बारा वाजेपर्यंतची. थोरला रात्रपाळीला. आतल्या खोलीत वाय-फाय हळू चालतं म्हणून धाकट्या नातवानं राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली. मित्रानं सांगितलं म्हणे! होतं तेही बंद पडलं. सूनबाईंच्या फोनला घरात जेमतेम एक दांडी रेंज. त्यावर अर्जाचं पान उघडेना. पोरगी रडकुंडीला आली.

मी म्हणालो, "मोटर पाणी ओढत नाही तेव्हा आपण आधी मोटर उचकटतो का? लाइट हाय का बघतो, मग स्टार्टर, मग फुटव्हॉल्व, मग पाइप. तसंच एकेक बघू."

"आबा, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"कळत नाही म्हणून तर विचारतोय. हा दिवा कशाचा?"

मग आम्ही क्रमाने तपासत गेलो.

१) वीज : राउटरचा दिवा लागलेला होता. म्हणजे प्लग ठीक.

२) बाहेरची लाइन : भिंतीवरच्या छोट्या पेटीत फायबरची बारीक वायर येते. पेटीवरचा 'पॉन' दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस'चा लाल दिवा लागला तर वायर तुटली किंवा फार दुमडली असण्याचा संभव. ते काम कंपनीच्या माणसाचं. आमचा पॉन हिरवा होता. म्हणजे विहिरीत पाणी होतं.

३) मधली केबल : पेटीतून राउटरला जाणारी केबल काढून टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवली.

४) बंद-चालू : दोन्ही बंद केली. दोन मिनिटांनी आधी पेटी, मग राउटर चालू केला. तरी इंटरनेटचा दिवा लालच.

आता दोष टाचणीचाच उरला. त्या भोकातलं बटण दाबून धरलं की राउटरची सगळी नोंद पुसली जाते आणि तो दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. कंपनीनं दिलेलं नाव आणि पासवर्ड त्यात पुन्हा भरावे लागतात. सूनबाईंनी कपाटातल्या लाइटबिलांतून जोडणीचा कागद शोधून काढला. राउटरच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर पत्ता होता. नातीनं तो मोबाईलवर उघडून दोन्ही भरले. दिवा हिरवा झाला. अकरा वीसला अर्ज गेला, पावती आली. पोरीनं मला मिठीच मारली.

मूळ दुखणं दुसऱ्या दिवशी सापडलं. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून ठेवला होता. लोखंड आणि काँक्रीट या लहरी अडवतात. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो : ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर मंदावते, २.४ ची लांब जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्ह शेगडीचाही त्रास. राउटर मधल्या खोलीत उंच, उघड्या फळीवर ठेवला. आतल्या खोलीत वाय-फाय नीट चालू लागलं. टाचणीची गरजच नव्हती!

तेव्हा मंडळी, पाणी जिथून येतं तिथून तपासत यावं, आणि टाचणी अगदी शेवटी. तीही कंपनीचा कागद हातात असल्याशिवाय नाही. तो कागद ऊस नोंदीच्या पावतीइतकाच जपून ठेवा. आणि विचारायला लाजू नका. नातवंडांना बोटं चालवता येतात, पण धीर धरायला आपणच शिकवायचं.

— एक सभासद