साथ आणि तिची बातमी

गैरसमज: रोगाची माहिती जितकी जास्त पसरेल तितकी साथ लवकर आटोक्यात येते.

वस्तुस्थिती: हे अर्धसत्य आहे. फंक, गिलाड, वॉटकिन्स आणि यान्सेन यांनी २००९ मध्ये हे गणित मांडलं. सगळी माणसं एकमेकांत सारखीच मिसळतात असं धरलं, तर जागरूकतेमुळे रुग्ण कमी होतात, पण साथ मुळात उठणार की नाही हे बदलत नाही. सावधपणा रुग्णाच्या आसपास आला, तर मात्र साथ जागीच विझू शकते. अर्थात रोगाचा वेग फार नसेल तरच. ज्यांच्याकडून लागण होऊ शकते त्यांच्याकडूनच बातमी कळली, तर परिणाम आणखी वाढतो.

गैरसमज: रोग आणि बातमी एकाच वाटेने जातात.

वस्तुस्थिती: तसं असतं तर थरांची जाळी मांडावीच लागली नसती. माणसं तीच, पण रोग पसरतो त्या खालच्या थरात घर, लोकलचा डबा, कारखाना. बातमी पसरते त्या वरच्या थरात फोन, नातलग, गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ग्रानेल, गोमेझ आणि अरेनास यांनी २०१३ मध्ये दाखवलं की वरच्या थरातला प्रसार एका मर्यादेखाली असेल, तर साथ उठण्याचा उंबरठा जागचा हलत नाही. मर्यादा ओलांडली की उंबरठा वर सरकतो. पुढच्याच वर्षी त्यांनी सर्वांना एकदम सांगणारी प्रसारमाध्यमं गणितात आणली, तेव्हा ती मर्यादाच नाहीशी झाली.

गैरसमज: ज्याला कळलं तो काळजी घेतोच.

वस्तुस्थिती: वरची गणिती मॉडेलं बहुधा असंच धरून चालतात, आणि माझ्या मते तीच त्यांची सर्वांत कच्ची बाजू. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोक गाड्या भरभरून शहर सोडून गेले. वरच्या थरातल्या भीतीने खालचा थरच उसवला. बळी सुमारे ५० होते, पण साथ देशभर नेण्याची सोय त्या पळापळीने करून ठेवली होती.

गैरसमज: मॉडेल म्हणजे भाकीत.

वस्तुस्थिती: या सगळ्या गणिताचा पाया असलेला करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा लेख १९२७ चा. त्यात मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंशी त्यांची वक्ररेषा छान जुळली. तरीही त्या रेषेमागचं समीकरण अगदी ढोबळ आहे, असं त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं आहे.