दोन लॅन केबल लावल्या की स्पीड डबल होतो का?

गेल्या भागाचं हे शब्दांकन, खास ज्यांना गर्दीच्या बसमध्ये इयरफोन सोडवत बसायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे... म्हणजे..." जरा कमी केलेत.

प्रश्न आलाय एका श्रोत्याचा. तालुक्याच्या ठिकाणी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं तो एकटाच बघतो. नवीन सर्व्हर आलाय, त्याला मागे दोन लॅन पोर्ट आहेत. तो विचारतो, "दादा, दोन्ही केबल लावल्या तर स्पीड डबल होईल का? आणि साहेब म्हणतात, दुसऱ्या स्विचचा खर्च कशाला?"

पहिल्याचं उत्तर, बहुतेक वेळा नाही. दुसऱ्याचं उत्तर, साहेबांना खर्च करायला लावच. का, ते सांगतो.

संध्याकाळची वेळ धरा. पिग्मी एजंट दिवसभराचं कलेक्शन भरायला आलेत, काउंटरवर पैसे काढायला रांग आहे. सर्व्हर चालू आहे, डेटा जागेवर आहे, पण मागची एक केबल सैल झालीय किंवा पोर्ट गेलाय. झालं, सर्व्हर असून नसल्यासारखा! गंमत बघा, आपण हार्ड डिस्क दोन लावतो, पॉवर सप्लाय दोन घेतो, आणि बाहेर जायचा रस्ता मात्र एकच ठेवतो.

यावरचा उपाय म्हणजे बाँडिंग. विंडोजवाले याला टीमिंग म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ती सोय आतच मिळते. लिनक्समध्ये दोन खऱ्या पोर्टच्या वर एक आभासी पोर्ट तयार होतो, त्याला बहुतेक जण 'बाँड झिरो' नाव देतात. आयपी ॲड्रेस त्या आभासी पोर्टला द्यायचा, खालच्या कार्डांना नाही. दोन कार्डांना एकाच नेटवर्कमधले दोन वेगळे आयपी देऊन ठेवणं म्हणजे बाँडिंग नव्हे, तो नुसता गोंधळ.

मोबाइलमध्ये दोन सिम असतात तसंच का हे? थोडंफार. पण एका सिमवरून दुसऱ्यावर डेटा गेला की फोनचा आयपी बदलतो, म्हणून चालू गेम अडकतो. बाँडिंगमध्ये आयपी तोच राहतो. साध्या सेटिंगमध्ये मॅक ॲड्रेससुद्धा तोच. काउंटरवरच्या पीसीला पत्ताही लागत नाही.

आता स्पीडचं. ही कल्पना जन्मली खरं तर स्पीडसाठीच. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे पीसी जोडून 'बेओवुल्फ' नावाचा क्लस्टर उभा केला. १६ मशिन, आत ४८६ डीएक्स४ प्रोसेसर. त्या काळचं १० मेगाबिटचं नेटवर्क त्यांना पुरेना, म्हणून बेकरने असे ड्रायव्हर लिहिले की पॅकेट आळीपाळीने एकाहून जास्त नेटवर्कवरून जातील. आजच्या लिनक्स बाँडिंगचं मूळ त्याच्याच कामात आहे.

आळीपाळीची ही पद्धत, म्हणजे राउंड रॉबिन, अजूनही आहे. पण तिची अडचण दोन बसमधून निघालेल्या वऱ्हाडासारखी. माणसांना नंबर दिले: १ पहिल्या बसमध्ये, २ दुसऱ्या, ३ परत पहिल्या. दुसरी बस जरा मागे राहिली की कार्यालयाच्या दारात १, ३, ५ उभे आणि २ चा पत्ता नाही. टीसीपीला वाटतं २ हरवला, पुन्हा पाठवा. वाचवलेला वेळ त्यातच जातो.

म्हणून बाकीच्या पद्धती एक कनेक्शन एकाच केबलवर ठेवतात. एलएसीपी त्यातली सगळ्यात नावाजलेली. २००० साली ८०२.३एडी म्हणून तिचं स्टँडर्ड आलं. टोलनाक्यासारखं समजा: गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर डावी लेन, विषम असेल तर उजवी. शंभर गाड्या असतील तर दोन्ही लेन भरतात, पण एका गाडीला दोन लेनमधून एकदम जाता येत नाही. त्यामुळे गिगाबिटच्या दोन केबल असल्या तरी एक मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या पुढे जाणार नाही. दहा जण एकदम कॉपी करत असतील तर फरक दिसेल.

तोही लेन कशावरून ठरते ते नीट असेल तरच. लिनक्समध्ये एलएसीपी लावताना मूळ सेटिंग मॅक ॲड्रेसवरून लेन ठरवतं. सगळ्या शाखा एका राउटरमधून येत असतील तर सर्व्हरला सगळ्यांसाठी एकच मॅक दिसतो, राउटरचा! सगळ्या गाड्यांचा शेवटचा आकडा सारखा. एक केबल तुडुंब, दुसरी रिकामी. तिथे आयपी आणि पोर्ट नंबर बघणारं 'लेयर थ्री प्लस फोर' सेटिंग लावायचं. आणि हे फक्त सर्व्हरकडून जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी. येणाऱ्याची लेन स्विच त्याच्या सेटिंगप्रमाणे ठरवतो.

पतसंस्थेला मात्र मी एलएसीपी सांगणार नाही. त्याला मॅनेज्ड स्विच लागतो, आणि दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये लावाव्या लागतात (दोन स्विच एकत्र एकच असल्यासारखे चालवणारे महागडे मॉडेल असतात, ते सोडून द्या). त्या स्विचचा ॲडॉप्टर जळला की दोन्ही केबल एकदम मेल्या.

त्यापेक्षा ॲक्टिव्ह बॅकअप. एक केबल काम करते, दुसरी थांबून असते. साधा स्विचही चालतो, आणि मुख्य म्हणजे दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येतात. काउंटरचे अर्धे पीसी एका स्विचवर, अर्धे दुसऱ्यावर. एक गेला तरी रांग दुसऱ्या काउंटरकडे वळवता येते. साहेबांना हेच सांग. दोन स्विच एकमेकांना जोडताना केबल एकच लाव, साध्या स्विचमध्ये दोन लावल्या तर लूप होऊन अख्खं नेटवर्क बसतं. आणि दोन्ही स्विचचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसू नकोस रे बाबा.

केबल जिवंत आहे का, हे बाँड सतत तपासतो. बहुतेक जण दर १०० मिलिसेकंदांनी तपासायला लावतात. पण लाइट लागलाय याचा अर्थ पुढचा रस्ता सुरू आहे असं नाही. ॲक्टिव्ह बॅकअपमध्ये एआरपी मॉनिटरिंगही लावता येतं: सर्व्हर राउटरला अधूनमधून हाक मारतो, उत्तर आलं नाही तर केबल बदलतो.

सगळं लावून झालं की कलेक्शन संपल्यावर एक दिवस पिंग चालू ठेव आणि चालू केबल खरोखर उपटून बघ. एखाद-दुसरा पिंग चुकेल, बस. मग ती परत लाव, थोडं थांब, आणि दुसरी उपट.

यातला सगळ्यात फसवा प्रकार असा की पहिली केबल मेली तर कुणाला कळतच नाही, कारण काम थांबत नाही. सहा महिन्यांनी दुसरी जाते तेव्हा सगळे म्हणतात, "बाँडिंग होतं ना?" लिनक्समध्ये प्रॉक फोल्डरात नेट, त्यात बाँडिंग, त्यात बाँड झिरो नावाची फाइल असते. प्रत्येक कार्ड चालू आहे की बंद आणि किती वेळा तुटलं, ते त्यात लिहिलेलं दिसतं. एक छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी ती वाचेल आणि कुठलंही कार्ड 'डाउन' दिसलं की तुझ्या मोबाइलवर मेसेज टाकेल, एवढं करून ठेव.