दाताची कॅप, लाळ आणि निकेल

गेवराईत दाताला कॅप बसवायची म्हटलं की सहसा दोनच प्रश्न विचारले जातात: किती दिवस टिकेल आणि खर्च किती? कॅप कोणत्या धातूची, हेही विचारायला हवं. बाहेरून दातासारख्या दिसणाऱ्या स्वस्त कॅपच्या आत बहुधा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू असतो आणि त्यात निम्म्याहून जास्त निकेल असतं.

क्रोमियमचं कवच

हवा लागताच क्रोमियमचा ऑक्साइड तयार होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. आतलं निकेल तोच अडवून धरतो. खरवडला तरी तो पुन्हा तयार होतो, मात्र त्याला ऑक्सिजन लागतो. क्रोमियम फार कमी असेल, तर हे कवच कच्चं राहतं.

लाळ काय करते

कॅप तोंडात जाताच लाळेतली प्रथिनं (म्युसिन, अमायलेज, अल्ब्युमिन) तिला चिकटू लागतात. हा थर धातूला काही अंशी जपतो. पण काही प्रथिनं धातूचे आयन धरून सोबत नेतात, त्यामुळे झीज वाढूही शकते. याच थरावर जिवाणू बसतात. ब्रश न पोहोचणाऱ्या जागी किटण साचलं की त्याखाली आम्ल वाढतं, ऑक्सिजन घटतो आणि कवच दुरुस्त होत नाही. म्हणून कॅपच्या कडेची, हिरडीलगतची स्वच्छता सर्वांत महत्त्वाची.

निकेल शरीराला कसं खुपतं

सुटलेला निकेलचा आयन हिस्टिडीन या अमिनो आम्लाला घट्ट धरतो. आपल्या पेशींवर टीएलआर-4 नावाचं प्रथिन असतं. ते खरं तर जिवाणूंची चाहूल घेण्यासाठी आहे. 2010 मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की, माणसाच्या टीएलआर-4 मधल्या हिस्टिडीनला निकेल थेट चिकटतं आणि जंतू नसतानाही दाह सुरू होतो. उंदराच्या त्या प्रथिनात ही हिस्टिडीनं नाहीत, म्हणून निकेल त्याला तसं चेतवत नाही.

निकेलची ॲलर्जी बहुधा कान टोचल्यावर घातलेल्या खोट्या दागिन्यांपासून सुरू होते. दिलासा एवढाच की, लाळ सतत धुऊन नेत असल्यामुळे ॲलर्जी असलेल्या अनेकांना तोंडातल्या निकेलचा त्रास होत नाही. काहींच्या हिरड्या मात्र लाल होतात, सुजतात.

पर्याय

झिर्कोनियाच्या कॅपमध्ये धातू नसतो, पण खर्च जास्त. कोबाल्ट-क्रोमियममध्ये निकेल जवळजवळ नसतं.

खोट्या कानातल्यांनी तुमचे कान खाजत असतील, तर माप देण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा आणि मिश्रधातूचं नाव बिलावर लिहून मागा.