राणीचा गुडघा

पोळ्याच्या आदल्या दिवशी पिंपळगाव राजात आमच्या घरी बैलांचे खांदे शेकतात. लोणी आणि हळद एकत्र करून पळसाच्या पानाने खांद्यावर चोळायची, हळूहळू, दोन्ही बाजूंनी. वर्षभर जू वाहिलेला खांदा दुखतो, पण बैल ते सांगत नाही. ते माणसाने ओळखायचं असतं, आणि इथे ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. तीन वर्षांपूर्वी त्याच संध्याकाळी ओट्याखाली पडलेली आमची कुत्री राणी उठली आणि मागचा उजवा पाय जेमतेम टेकवत पाण्याच्या कुंडीकडे गेली. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

“काटा रुतला असन,” धाकटा भाऊ म्हणाला. “चार दिवसांत होईन बरोबर.”

पंजा उलटून पाहिला. बाभळीचा काटा नव्हता, बोटांत गोचीडही नव्हती. लंगडणं चार दिवसांत खरंच कमी झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा वाढलं, पुन्हा कमी झालं. असे अडीच महिने गेले. राणी एकदाही ओरडली नाही, म्हणून तिला दुखत नसेल असं आम्ही धरून चाललो. ते अडीच महिने मला आजही टोचतात.

कुत्र्याचा गुडघा नेमका कुठे असतो, इथूनच आमची गल्लत होती. मागच्या पायाला खालच्या भागात जो मागे वळलेला कोपरा दिसतो, त्याला आम्ही गुडघा समजत होतो आणि तिथेच तेल चोळत होतो. तो घोटा. कुत्रं बोटांवर चालतं, त्याची टाच कायम हवेत असते, म्हणून तो कोपरा मागे वळलेला दिसतो. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला, कातडीच्या घडीत जवळजवळ लपलेला असतो आणि माणसाच्या गुडघ्यासारखाच पुढे वाकतो. राणीच्या त्या जागी हात ठेवला तेव्हा आतल्या बाजूला एक टणक जाडी लागली. दुसऱ्या पायाला ती नव्हती.

शेवटी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी तिला कुशीवर झोपवलं, एका हातात मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हातात नडगी, आणि नडगी हलकेच पुढे ओढली. कपाटाचा खण सरकावा तशी ती सरकली. निरोगी पायात ती जागची हलत नाही. गुडघ्याच्या आत दोन बंध एकमेकांवर फुली मारून असतात. त्यातला पुढचा तुटला होता.

“पण साहेब, ते तं एक दिवस बी ओरडलं नाही,” आई म्हणाली.

“मावशी, ती तीन पायांवर चालत होती ना? तेच तिचं सांगणं होतं.”

माणसात हा बंध बहुधा खेळताना, एका क्षणात तुटतो. कुत्र्यात तसं क्वचित होतं, आणि त्याचं एक कारण हाडाच्या घडणीत आहे. नडगीच्या हाडाचा वरचा माथा सपाट नसतो. तो मागच्या बाजूला साधारण २५ अंशांनी उतरता असतो. उतारावर कापसाची भरलेली गाडी उभी करावी आणि ती एकाच दोराने खुंट्याला बांधून ठेवावी, तसा हा सांधा आहे. कुत्र्याने पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि नडगी पुढे. दर पावलाला ती ओढ दोरावर येते. दोर एकदम तुटत नाही, एकेक पेड उसवत जातो. अर्धे पेड गेले की कुत्रं लंगडतं, सूज उतरली की बरं वाटतं, आणि एखाद्या दिवशी मांजरामागे धावताना किंवा ओट्यावरून उडी मारताना उरलेले पेड जातात. आमचे अडीच महिने म्हणजे हे पेड उसवण्याचे महिने होते. आणि जे एका गुडघ्यात झिजतं ते दुसऱ्यातही झिजत असतं. म्हणूनच एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढे एक-दोन वर्षांत जातो.

लहान कुत्र्यांचं दुखणं बहुधा वेगळं असतं. आपल्याकडे गावोगाव पामेरियन पाळतात. चालता चालता ते अचानक मागचा एक पाय उचलतं, दोन-तीन पावलं तीन पायांवर उड्या मारत जातं, पाय झटकतं आणि जणू काही झालंच नाही असं पुढे चालू लागतं. लोक त्याला ‘मस्ती करते’ म्हणतात. प्रत्यक्षात गुडघ्याची वाटी खोबणीतून आतल्या बाजूला निसटलेली असते. विहिरीवरच्या रहाटाचा दोर चाकाच्या खाचेतून उतरावा, तशी. याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि लगेच परत बसते. चौथीत ती कायमची बाहेर असते, हाताने बसवता येत नाही आणि पाय वाकडा होत जातो. पहिल्या पायरीवरचं पामेरियन वजन आटोक्यात ठेवलं तर आयुष्यभर शस्त्रक्रियेशिवाय राहू शकतं, पण लंगडणं वारंवार होऊ लागलं की वाट पाहू नये.

शस्त्रक्रियेचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्यात माणसांनी एकाच प्रश्नाकडे तीन बाजूंनी पाहिलंय. फिनलंडचे साकी पात्सामा यांनी १९५२ मध्ये मांडीवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती हाडातल्या छिद्रांतून ओवली आणि नवा बंध तयार केला. पुढे १९७० च्या सुमारास सांध्याच्या बाहेरून जाड धागा घालून हाडं आवळून धरायची पद्धत रुळली. धागा कालांतराने सैल होतो, पण तोवर भोवती तयार झालेला घट्ट तंतूंचा थर सांध्याला धरून ठेवतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी दोराचा नादच सोडला. नडगीचा माथा अर्धगोल कापायचा, फिरवून जवळजवळ सपाट करायचा आणि पट्टी-स्क्रूने बसवायचा. उतारच गेला तर गाडी घसरणार कशी? मोठ्या, जड कुत्र्यांसाठी आज जगभर हीच पद्धत बहुतेक शल्यचिकित्सक पसंत करतात.

राणी लॅब्राडॉर आणि गावठी यांचं मिश्रण, तेव्हा वजन ३१ किलो. डॉक्टरांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि तिच्यासाठी धाग्याची शस्त्रक्रिया निवडली. ती आम्हाला जवळपास होण्यासारखी होती. “पण वजन उतरवावं लागेल, नाहीतर धागा टिकणार नाही,” एवढं मात्र त्यांनी तीनदा बजावलं.

वजनाबद्दल दोन अभ्यास माझ्या मनात पक्के बसले आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत असा बंध तुटलेल्या कुत्र्यांना शस्त्रक्रिया न करता नुसत्या विश्रांतीवर ठेवून पाहिलं. १५ किलोच्या आतल्या कुत्र्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक सुधारली, त्यावरच्या वजनाच्या कुत्र्यांपैकी जेमतेम १९ टक्के. दुसरा अभ्यास ४८ लॅब्राडॉरांचा. जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं, तेही जन्मभर. २००२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली होती आणि त्यांना सांधेदुखीचे उपचारही बरेच उशिरा लागले होते. आमच्या घरात राणीला आई एक भाकर द्यायची, भाऊ एक द्यायचा, मी चहाबरोबर बिस्किटं, आणि शेजारच्या काकू ‘मुका जीव’ म्हणून उरलेला वरणभात. कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं. आता एक पितळी वाटी ठरलेली आहे आणि ती फक्त आई भरते. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात, हे आमचं माप. आठ महिन्यांत राणी २६ किलोवर आली.

घरातली दुसरी गोष्ट फरशी. पूर्वीच्या सारवलेल्या जमिनीवर कुत्र्याचा पाय घसरत नव्हता. आता पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चकचकीत टाइल्स आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी त्या काचेच्या रस्त्यासारख्या. आम्ही तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बारदानाची पोती अंथरली, पंजातले केस कापले, नखं वेळच्या वेळी घासली. ओट्याच्या पायऱ्यांवर फळी टाकून उतार केला. शस्त्रक्रियेनंतर आठ आठवडे तिला दोरीशिवाय सोडलं नाही. हे सगळ्यात जड गेलं, तिलाही आणि आम्हालाही. अंगणात रोज पाच मिनिटं सावकाश चालणं, मग दहा, मग रस्त्यापर्यंत. सावकाश चालवलं तरच ती तो पाय टेकते, पळवलं की तीन पायांवर येते, म्हणून वेग आपण ठरवायचा. इथल्या उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत फिरवून आणावं लागतं. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततो आणि उपसताना गुडघ्याला पीळ बसतो, म्हणून शेत बंद, डांबरी कड चालू.

औषधांबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण आमच्याकडून चूक झाली. त्या अडीच महिन्यांत भावाने एकदा घरातली अंगदुखीची गोळी अर्धी करून राणीला भाकरीत दिली. दोन दिवसांनी तिची शी डांबरासारखी काळी झाली, म्हणजे पोटात रक्त उतरलं होतं. तिने खाणं सोडलं. ती वाचली, पण माणसाची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांतलं काहीही कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नये. जठर, मूत्रपिंड, यकृत यांना ते सोसत नाही. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकली. ते टोचलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पर्याय म्हणून पुढे आलेलं मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं. कुत्र्यांच्या सांधेदुखीतही तेच वापरतात, पण वजनावर मोजलेल्या मात्रेत आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. डाग देणं आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधणं, दोन्ही तितकंच वाईट. डाग दिल्याने वेदनेवर आणखी एक वेदना होते, आणि मांडीच्या निमुळत्या आकारामुळे कामटी गुडघ्यावर टिकतच नाही, खाली घसरते आणि पंजाचा रक्तपुरवठा तोडते.

तालुक्याचे सरकारी पशुदवाखाने गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांच्यासाठी उभे राहिले आणि तेच त्यांचं मुख्य काम आहे, त्यात गैर काही नाही. पण आता गावात घराघरात लॅब्राडॉर आणि पामेरियन आहेत. बुलडाण्याच्या या भागाला जवळची मोठी जागा म्हणजे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. खामगावहून ती साधारण पन्नास किलोमीटरवर. लंगडणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं, तर एवढं अंतर जावंच. उशीर कुणालाही होतो. रतन टाटांनी आपला एक कुत्रा सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत नेला होता. तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता, म्हणून डॉक्टरांना सांधा एका स्थितीत कायमचा स्थिर करावा लागला. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयामागे हा अनुभव होता, असं त्यांनीच सांगितलं होतं.

राणीचा डावा गुडघा चौदा महिन्यांनी गेला. या वेळी तो आईने ओळखला. “बसते कशी, पाय बाहेर फेकून,” ती म्हणाली. निरोगी कुत्रं दोन्ही गुडघे अंगाशी दुमडून चौरस बसतं. गुडघा दुखत असेल तर तो पाय बाजूला पसरतं. शिवाय त्या पंजाची नखं कमी घासल्यामुळे लांब झाली होती. नवव्या दिवशी आम्ही अकोल्यात होतो. अर्धेच पेड गेले होते.

आता ती दहा वर्षांची आहे. थंडीत सकाळी उठल्यावर पहिली आठ-दहा पावलं लाकडासारखी टाकते, आई गरम वाळूची पोटली फिरवते, मग ती सैल होते. देवळीतल्या खिळ्याला एक सुतळी टांगलेली आहे. दुखणाऱ्या पायाची मांडी आधी बारीक होते, म्हणून आई महिन्यातून एकदा दोन्ही मांड्यांचा घेर त्या सुतळीने मोजते आणि गाठ मारते. डाव्याची गाठ बरेच महिने उजव्याच्या दोन बोटं मागे होती. परवाच्या रविवारी मोजलं तेव्हा एकच बोट उरलं होतं. आईने जुनी गाठ सोडली नाही, नवी तिच्यापुढे मारली आणि सुतळी परत खिळ्याला लावली.