घरातल्या वायफायची पोटचारी



गट ऑफिसात आलो की उसाची नोंद, तोडणीची पाळी, बिलाची तारीख एवढेच विचारले जायचे, असा एक काळ होता. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, नेटचे पैसे तर पुरे भरतोय, मग ओट्यावर येतं ते माडीवर का येत नाही ?" एका सभासदाने हे विचारले असते तर तोंडी उत्तर देऊन भागले असते. पण विचारणारे वाढले, आणि त्यातल्या एकाच्या घरी जाण्याचा योगही आला, म्हणून अंकाची दोन पाने या विषयाला देत आहोत.

हे घर आपल्या कार्यक्षेत्रातले नाही. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा नोकरीनिमित्त पनवेलकडे स्थायिक झाला आहे. पनवेलच्या आत नेरे म्हणून गाव आहे. गाढी नदीचा काठ, माथेरानच्या डोंगररांगेचा पायथा, कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे शांतिवन याच गावचे. तिथे त्याने एक जुने घर घेऊन त्यावर मजला चढवला. खाली दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर सिमेंटचा स्लॅब व विटांचे बांधकाम, मागे पत्र्याची पडवी. सून एका कंपनीचे हिशेबाचे काम घरी बसून करते. तान्हे मूल असल्यामुळे तिला हेच सोयीचे. परंतु माडीवरच्या खोलीत मीटिंग सुरू झाली की दर दहा मिनिटांनी आवाज तुटे. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वरिष्ठांनी सरळ सांगितले, नेटची सोय करा, नाहीतर रोज ऑफिसला या. रोज जायचे तर मूल कोणाकडे ठेवायचे ?

सभासद मुलाकडे गेले होते तेव्हा हा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर घडला. एका दुकानदाराने अठ्ठावीस हजारांचा संच दाखवला होता, आणि उसाच्या पुढच्या हप्त्यातून ती रक्कम देण्याचे त्यांनी मनाशी ठरवलेही होते. आम्ही कारखान्याच्या कामासाठी मुंबईस गेलो होतो, परतताना वाकडी वाट करून नेऱ्यास उतरलो. सोबत आमच्या संगणक विभागातले एक सहकारी होते. पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी त्यांनी तिथे समजावून सांगितलेले आहे.

आपल्या भाषेत मांडायचे तर घरात येणारी फायबरची तार म्हणजे मुख्य कालवा. शंभर एमबीचा प्लॅन म्हणजे कालव्यातून सुटणारे पाणी. (हे एमबी म्हणजे मेगाबिट. फोटो-सिनेमाच्या फाईलचे मेगाबाईट आठपट मोठे असते. म्हणून शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला बारा मेगाबाईटच उतरले तर कंपनीने फसवले असे समजू नये.) राउटरपासून मोबाईलपर्यंत हवेतून जो प्रवास होतो ती पोटचारी. नेऱ्याच्या घरात कालवा वाहत होता, पण चारी मधेच जिरत होती. राउटरशेजारी उभे राहून मोजले तर नव्वदच्या वर वेग आला. माडीवर तीन-चार. आणि उपाय म्हणून मुलाने काय केले होते ? शंभरचा प्लॅन दोनशेचा केला होता ! शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही म्हणून कोणी धरणातून जादा पाणी सोडा म्हणत नाही, आधी चारी फिरून पाहतो. इथे मात्र चांगले शिकलेले लोकही प्लॅन वाढवत बसतात.

आता चारी कुठे जिरते ते पाहू. वायफायची लहर ही रेडिओचीच लहर आहे. आपल्याकडे ती मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसरीची सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते पण वेग कमी देते, शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. आखूड लहर वेग भरपूर देते, पण दगडी भिंत आली की दमते. लोखंड व पत्रा यांतून दोन्ही जात नाहीत, आपटून परत फिरतात. पाणी लहर शोषून घेते, त्यामुळे भरलेली टाकी किंवा ओली भिंत हाही अडथळाच. कोकणातल्या पावसात भिंती चार महिने ओलावलेल्या असतात हे ध्यानात घ्यावे.

नेऱ्याच्या घरात राउटर होता खालच्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, टीव्हीच्या मागे आणि लोखंडी कपाटाला चिकटून. बसवायला आलेल्या माणसाला तार आत घेणे तिथून सोपे पडले म्हणून त्याने तिथे ठोकला. घरच्यांनीही वर फुलदाणी ठेवून तो झाकला होता. अर्धा सिग्नल कपाटात आणि उरलेल्यातला बराच बाहेरच्या अंगणात जात होता. कोंबड्यांना मात्र उत्तम नेट मिळत असावे.

सहकाऱ्यांनी पैशाची गोष्ट काढण्याआधी घर मोजायला घेतले. मोबाईलमध्ये सिग्नलची ताकद आकड्यात दाखवणारी फुकट ॲप मिळतात. हा आकडा उणे असतो व त्याला डीबीएम म्हणतात. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत बोलणे-पाहणे निर्वेध चालते, उणे 75 च्या पुढे भरवसा नाही. यात एक गोम आहे ती समजून घ्यावी. उणे 60 वरून उणे 70 झाले तर दहा पैशांचा फरक पडला असे वाटते. प्रत्यक्षात ताकद दहावा हिस्सा उरलेली असते. उणे 80 ला शंभरावा. टोळीने उसाचे वजन मोजावे तशी त्यांनी खोली-खोली मोजली आणि वहीच्या पानावर नकाशा काढून आकडे टाकले. राउटरजवळ उणे 42, स्वयंपाकघरात 66, जिन्याच्या तळाशी 61, जिन्याच्या वरच्या पायरीवर 68, सुनेच्या टेबलापाशी 81. पडवीत काहीच नाही.

हा कागदच खरा निदान ठरला. स्लॅबमधून सिग्नल वर चढत नव्हता, पण जिन्याच्या उघड्या जागेतून चढत होता. तेव्हा वाट जिन्याची धरायची.

इथे बहुतेक लोक बाजारातून हजार-बाराशेचा रिपीटर आणून भिंतीच्या सॉकेटात खोचतात. मुलानेही आणला होता, आणि तो लावला होता नेमका सुनेच्या टेबलाशेजारी. उपसा सिंचन योजना ज्यांनी पाहिली आहे त्यांना चूक लगेच कळेल. दुसऱ्या टप्प्याचा पंप आपण कोरड्या रानात बसवत नाही, जिथवर पहिल्याचे पाणी भरपूर पोहोचते तिथे हौद बांधून बसवतो. उणे 81 चा कुजका सिग्नल घेऊन रिपीटर तोच मोठ्याने ओरडून सांगत होता. मोबाईलवर काड्या पूर्ण दिसत, पण वेग नाही. ह्या फसव्या काड्यांमुळे घरात वादावादी झाली ती निराळीच.

शिवाय साध्या रिपीटरमध्ये एक मूळ दोष आहे. एकाच रेडिओने ऐकायचे आणि त्याच रेडिओने बोलायचे, म्हणजे एका वेळी एकच काम. एकच बैलगाडी फडातून ऊस आणणार आणि तीच पुढे गव्हाणीकडे नेणार, तर दिवसाच्या खेपा निम्म्या होतात. वेगही जवळजवळ निम्मा होतो.

मेश म्हणजे जाळे. त्यात दोन किंवा तीन सारखे डबे असतात, एक मुख्य तारेशी जोडलेला, बाकीचे घरात पसरलेले. सगळ्यांचे नाव व पासवर्ड एकच. डबे आपसात बोलून कोणता निरोप कोणत्या वाटेने न्यायचा ते ठरवतात. खालून वर चालत गेलात तर मोबाईल एका डब्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो आणि चालू बोलणे सहसा तुटत नाही. कधी सोडायचे ते शेवटी मोबाईलच ठरवतो, डबे फक्त सुचवतात, त्यामुळे जुना फोन लांबच्या डब्याला चिकटून बसतो असेही आढळते. महागड्या संचात डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी तिसरा रेडिओ राखून ठेवलेला असतो. दुकानदाराचा अठ्ठावीस हजारांचा संच ह्या जातीचा होता. संच खोटा नव्हता, पण ह्या घराला त्याची गरज नव्हती.

कारण त्याहून चांगली आणि स्वस्त गोष्ट उपलब्ध होती, ती म्हणजे तार. डबे एकमेकांशी हवेतून न बोलता नेटवर्कच्या केबलने जोडले तर खेपा निम्म्या होण्याचा प्रश्नच उरत नाही. साधी कॅट सिक्स केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेग वाहून नेते, घराला वीस-पंचवीस मीटर खूप झाली. फायबरची तार मात्र स्वतः ओढू नये, ती तीव्र वळणावर आतून तडकते. म्हणून कंपनीचा डबा जागीच राहू दिला. त्याच्यापासून जिन्याच्या कठड्यालगत केबल नेली. पहिला नवा डबा जिन्याच्या तळाशी, छातीच्या उंचीवर, लोखंडापासून दूर. तिथून दुसरी केबल वर, माडीच्या मधल्या भिंतीवर दुसरा डबा. वाटेत स्लॅबला भोक पाडावे लागले नाही, जिना होताच.

एक गोष्ट राहिली असती तर सगळे फसले असते. कंपनीच्या डब्यातला जुना वायफाय बंद करावा लागतो आणि नव्या डब्यांना ॲक्सेस पॉइंट ह्या पद्धतीवर ठेवावे लागते. नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात, दोघेही आपापले नंबर वाटतात, आणि प्रिंटर एकाकडे तर मोबाईल दुसऱ्याकडे अशी गत होते. नवा पासवर्डही त्याच वेळी घालून घ्यावा, डब्याच्या बुडाखाली छापलेला तसाच ठेवू नये.

दोन डब्यांचा साधा संच, केबल आणि मजुरी मिळून साडेसहा हजारांच्या आत काम झाले. दोनशेचा प्लॅन परत शंभरावर आणला. सुनेच्या टेबलापाशी आकडा उणे 52 आला आणि वेग नव्वदच्या घरात.

काही सभासद म्हणतील, हे शहरी चोचले आहेत. त्यांना वारणेची आठवण देतो. 1998 मध्ये वारणानगर परिसरातल्या सुमारे 70 गावांत केंद्र सरकारच्या मदतीने संगणक केंद्रे बसली. ऊसनोंद, तोडणी, वजन, बिल हे सभासदाला गावातच कळावे हा हेतू. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात हे झाले याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्याच सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली, आणि शेतकऱ्याला ती जास्त सोयीची वाटली. माहिती गावापर्यंत येऊन थांबते, पुढे माणसाच्या हातात पडायला शेवटची चार पावले राहतात, तिथेच अडते. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ग्राममार्ग नावाने काम केले तेही ह्याच अडचणीवर. फायबर एका ठिकाणी, पाडे डोंगरापलीकडे. त्यांनी टीव्हीच्या पट्ट्यातल्या मोकळ्या, लांब लहरी वापरून पाहिल्या, कारण त्या झाडीतून अधिक पार होतात. 2017 साली ह्या कामाला मोझिलाचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नेऱ्याच्या घरात अंतर चाळीस फुटांचे होते, पालघरात काही किलोमीटरचे, एवढाच फरक.

आपल्याकडच्या वस्त्यांसाठी दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगायच्या आहेत. घरापासून गोठा किंवा विहिरीवरची खोली दोनशे फुटांवर असेल तर घरातला मेश तिथे पोहोचणार नाही, मधे उभा ऊस असेल तर नाहीच नाही, कारण ऊस म्हणजे पाणीच. त्यासाठी छपरावर लावायचे, समोरासमोर तोंड केलेले बाहेरचे डबे वेगळे मिळतात. दोघांना एकमेकांचे तोंड दिसले पाहिजे, आणि ऊस बारा फूट वाढल्यावरही दिसले पाहिजे. लागणीच्या वेळी बसवून पाहणारे इथे फसतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून मात्र ओढू नये. परतीच्या पावसात वीज जवळ पडली तर ती केबल दोन्हीकडची यंत्रे जाळते. तिथे फायबर घालावी, तिच्यातून वीज वाहत नाही.

आणि लाईट. मेश असो की साधा राउटर, लाईट गेली की सगळे डबे मुके. ह्या डब्यांना बहुधा 12 व्होल्ट लागतात, त्यासाठी छोटे बॅटरीचे युपीएस मिळते, ते दोन-तीन तास ओढते. घेताना डब्यावरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्यावा. कंपनीचा डबा व नवे डबे, सगळ्यांना आधार द्यावा लागतो, एकाला देऊन उपयोग नाही. नेऱ्यात पावसाळ्यात लाईटची ये-जा चालतेच, म्हणून तिथे दोन युपीएस बसवले. साडेसहा हजारांत त्यांचा खर्च धरलेला नाही.

आम्ही निघालो तेव्हा सून माडीवर मीटिंगला बसली होती. खाली सभासद नातवाला घेऊन जिन्याच्या पायरीवर, डब्याचा हिरवा दिवा पाहत होते. पडवीत अजूनही नेट येत नाही. तिथे पत्रा आहे, आणि तिथे फक्त भाताची पोती असतात.

कोणा सभासदास आपल्या घराचा असा नकाशा काढायचा असल्यास गट ऑफिसात कळवावे. आकडे कसे घ्यायचे ते आमचे सहकारी दाखवतील. दुकानात जाण्यापूर्वी यावे, खरेदीनंतर नव्हे.