मोठ्या चित्रफितींची सुरक्षित देवाणघेवाण : संमिश्र क्लाउड-पद्धतीचा परिचय

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूने शिष्यास करावयाचा उपदेश आला आहे. रुग्णाच्या घरी वैद्याने कसे जावे, तेथे मन कोठे ठेवावे आणि त्या घरातील वृत्तान्त बाहेर सांगू नये, हे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे. आपण सर्वांनी हा भाग विद्यार्थिदशेत अभ्यासिलेला आहे. त्या काळी वैद्याने आपल्या जिव्हेवर ताबा ठेवला की हे व्रत पाळले जात असे. आज वैद्याने एक शब्दही न उच्चारता, केवळ खिशातील मोबाइलमुळे रुग्णाचे गुपित शेकडो लोकांपर्यंत पोहोचू शकते. प्रस्तुत लेखाचा विषय तांत्रिक असला, तरी त्याचे प्रयोजन या जुन्याच व्रताशी जोडलेले आहे.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. श्वित्राच्या एका तरुण रुग्णेची चिकित्सेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे आम्ही काही वर्षांपूर्वी सहकाऱ्यांच्या मोबाइल-गटात अभिप्रायार्थ पाठविली होती. हेतू शुद्ध होता. नावही लिहिलेले नव्हते. परंतु छायाचित्र एका हातातून दुसऱ्या हातात जात अखेर तिच्याच नातेवाइकांकडे पोहोचले. मुलीचे लग्न ठरण्याच्या दिवसांत याचा अर्थ काय होतो, हे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास सांगावयास नको. तिच्या वडिलांनी आम्हांस दोष दिला नाही. मात्र पुढे ते चिकित्सेसाठी आले नाहीत. चूक यंत्राची नव्हती, आमची होती. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला.

प्रश्नाचे स्वरूप

सुमारे १७,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आपला अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या डोंगराळ भागातील वैद्य, नगर शहरातील तज्ज्ञ आणि श्रीरामपूर किंवा संगमनेर येथील औषधनिर्माते यांना प्रत्येक वेळी प्रत्यक्ष भेटणे शक्य नसते. साहजिकच छायाचित्रे व चित्रफिती पाठविणे वाढले आहे. क्षारसूत्रकर्माचे चित्रण, पंचकर्मविधीची प्रात्यक्षिके, एमआरआयच्या प्रतिमा, वनौषधींची सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रे आणि औषधांच्या वेष्टनांची छपाईयोग्य चित्रे असे हे साहित्य असते.

हे साहित्य आकाराने मोठे असते. मोबाइलवर घेतलेल्या फुल एचडी चित्रणाच्या एका मिनिटास साधारणपणे ६० ते १३० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे अर्ध्या तासाची चित्रफीत सुमारे २ ते ४ गिगाबाइटची होते. जीमेलमधून जोडपत्र म्हणून पाठविण्याची मर्यादा २५ मेगाबाइट आहे. व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास ते संकुचित होते व त्यातील बारकावे नष्ट होतात. अशोकाच्या सालीत खोट्या अशोकाच्या, म्हणजे आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे औषधनिर्मात्यांना ठाऊक आहे. ती ओळखण्यासाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रातील पेशींची रचनाच पुसट झाली, तर तज्ज्ञाने निर्णय कशाच्या आधारे द्यावा?

वेळेचे गणितही पाहू. ४ गिगाबाइट म्हणजे सुमारे ३२,००० मेगाबिट. पाठविण्याचा वेग सेकंदास ५ मेगाबिट असल्यास ६,४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. मध्येच वीज गेली की साध्या पद्धतीत सर्व काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मग कंटाळून पेन-ड्राइव्ह एस.टी.च्या पार्सलने पाठविला जातो, आणि तो वाटेत कोणी उघडला हे कोणासच कळत नाही.

संमिश्र क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. इंटरनेटद्वारे आवश्यकतेनुसार भाड्याने मिळणारी संगणकीय जागा व सेवा, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने २०११ साली केलेली व्याख्या आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. तीत खाजगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि संमिश्र असे चार प्रकार सांगितले आहेत. खाजगी व सार्वजनिक व्यवस्था आपापल्या जागी स्वतंत्र ठेवून त्यांत देवाणघेवाण साधणारी रचना म्हणजे संमिश्र अथवा हायब्रीड क्लाउड.

औषधनिर्मात्यांना हे सहज समजेल. मूळ द्रव्ये आपल्या कोठारात, किल्ली आपल्या कमरेला. आणि ग्राहकाकडे जावयाचा तेवढाच माल मोहोरबंद करून बाहेरच्या गोदामात. आपले कोठार म्हणजे चिकित्सालयातील दोन हार्ड डिस्कची, सर्व संगणकांना जोडलेली छोटी पेटी. बाजारात तिला 'नॅस' म्हणतात. बाहेरचे गोदाम म्हणजे क्लाउड-कंपनीची भाड्याची जागा. दोहोंमध्ये ने-आण करणारा विश्वासू कारकून म्हणजे हे सॉफ्टवेअर. २०१६ पासून उपलब्ध असलेले नेक्स्टक्लाउड हे मुक्त सॉफ्टवेअर याच प्रकारचे असून ते स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते व बाहेरील साठवणही त्यास जोडता येते. मोठ्या कंपन्यांची डेटा-केंद्रे भारतात असल्याने, पुण्यात मायक्रोसॉफ्टचे २०१५ पासून तर मुंबईत ॲमेझॉनचे २०१६ पासून, आपली माहिती देशातच ठेवण्याचा पर्याय करार करतानाच निवडता येतो.

फाईल प्रत्यक्षात कशी जाते?

प्रथम सॉफ्टवेअर मोठ्या फाईलचे लहान लहान तुकडे करते. भारनियमनामुळे वा रेंज गेल्यामुळे खंड पडला, तर पोहोचलेले तुकडे सुरक्षित राहतात व उरलेलेच पुढे जातात. रात्री चिकित्सालय बंद झाल्यावर हे काम आपोआप चालू होईल अशी व्यवस्था करता येते. पेटीस व राउटरला इन्व्हर्टरचा आधार मात्र अवश्य द्यावा.

दुसरी पायरी कूटबद्ध करण्याची, म्हणजे फाईलला कुलूप लावण्याची. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. प्रवासात लागणारे कुलूप जवळजवळ सर्वच सेवांत असते. परंतु गोदामात पोहोचल्यावर त्याची किल्ली बहुधा कंपनीजवळ राहते. रुग्णाचे चित्रण असेल, तर फाईल आपल्या पेटीतून बाहेर पडण्यापूर्वीच कुलूपबंद झाली पाहिजे. सेव्हन-झिपसारख्या विनामूल्य साधनातही एईएस-२५६ पद्धतीचे कुलूप उपलब्ध आहे. त्यात फाईलचे नाव झाकण्याचा पर्यायही निवडावा. नाहीतर पुडी बंद आणि वरचे नाव उघडे, अशी गत होते.

तिसरी पायरी मुद्रेची. एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेने प्रत्येक फाईलची ६४ चिन्हांची एक मुद्रा तयार होते. फाईलमध्ये एका बिंदूचा फरक पडला, तरी मुद्रा बदलते. पाठविणाऱ्याची व घेणाऱ्याची मुद्रा जुळली की वस्तू जशीच्या तशी पोहोचली असे समजावे.

चौथी पायरी दुव्याची. फाईल न पाठविता तिचा दुवा, म्हणजे लिंक पाठवावी. तिला सात दिवसांची मुदत व ठरावीक व्यक्तीपुरती परवानगी घालावी. किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच संदेशात लिहू नये. तो दूरध्वनीवरून तोंडी सांगावा. कुलूप व किल्ली एकाच पिशवीत पाठविणारा माणूस व्यवहारात शहाणा ठरत नाही.

याआधीही एक काम आहे. मोबाइलच्या छायाचित्रात पुष्कळदा ते कोठे घेतले त्याचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. एमआरआय वगैरेंच्या डायकॉम फाईलच्या पोटात रुग्णाचे नाव, वय व दिनांक लिहिलेले असतात. वरचे नाव बदलून ते पुसले जात नाही. त्यासाठी नामलोपाची सुविधा वापरावी, तसेच चेहरा, गोंदण व ओळखीचे दागिने झाकावेत.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

पेटीतील दोन डिस्कवर एकच माहिती उमटत असल्याने पुष्कळांना निर्धास्त वाटते. परंतु एका डिस्कवर चुकून पुसलेले दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. क्लाउडशी अखंड जुळणी असल्यास तेथेही तोच परिणाम होतो. खंडणीखोर सॉफ्टवेअरने आपल्या फाईली बंद केल्या, तर बंद झालेल्या फाईलीच इमानेइतबारे सर्वत्र पोहोचतात.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हरवर असाच हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही अवस्था, तर आपल्यासारख्यांनी किती सावध असावे! म्हणून तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर, एक अन्य ठिकाणी, हा नियम पाळावा. शिवाय जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू करावी. एक डिस्क आठवड्यातून एकदा जोडून, प्रत घेऊन, पुन्हा काढून कपाटात ठेवावी. तारेने न जोडलेल्या डिस्कपर्यंत कोणताही चोर इंटरनेटमार्गे पोहोचत नाही.

कायद्याची बाजू

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यास ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असून मुख्य बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी अमलात येतात. कोणत्या कारणासाठी माहिती घेतली हे रुग्णास समजेल अशा भाषेत सांगून संमती घेणे, बालकाच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती घेणे आणि माहिती फुटल्यास संबंधितांस कळविणे ही त्यांतील प्रमुख कर्तव्ये होत. योग्य सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशानुसार कंपन्या व संस्थांनी सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळविणेही आवश्यक आहे. औषधनिर्मात्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात आरंभ कसा करावा?

एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्यास लगेच पेटी घेण्याची गरज नाही. कूटबद्ध केलेली एक हार्ड डिस्क, देशात माहिती ठेवणारी एक सशुल्क सेवा आणि दुहेरी पडताळणी एवढ्यावर उत्तम प्रारंभ होतो. पंचकर्म केंद्र वा रुग्णालय असल्यास पेटी व संमिश्र सॉफ्टवेअर घ्यावे. कोणी काय पाहावे हे नावानिशी ठरवावे आणि नोकरी सोडून जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. औषधिशाळेने दोन कप्पे वेगळे ठेवावेत. कल्पांची कृती व निर्मितिप्रक्रियेचे चित्रण कोठारातच राहावे. वेष्टनांची चित्रे व कच्च्या द्रव्यांची छायाचित्रे तेवढी दुव्याने बाहेर जावीत. अनुसूची 'टी'नुसार ठेवावयाच्या नोंदींच्या प्रतीही याच शिस्तीत ठेवल्यास तपासणीच्या वेळी धावपळ होत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. किल्ली हरवल्यास कुलूप आपल्यालाही उघडता येणार नाही; म्हणून ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. तसेच योग्य व्यक्तीने योग्य किल्लीने उघडलेल्या चित्राचे तिने पडद्यावरून छायाचित्र घेतले, तर कोणतेही सॉफ्टवेअर तिला रोखू शकत नाही. तेथे पुन्हा वैद्याचे शीलच उपयोगी पडते. यासाठी चित्रण करण्यापूर्वीच प्रश्न विचारावा : हे चित्र घेणे खरोखर आवश्यक आहे काय? जे घेतलेच नाही, ते फुटत नाही.

१९१७ साली आपल्या नगरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. त्यांच्या काळी ज्ञानाची देवाणघेवाण टपालाने व मुद्रणाने होत असे. आपल्या काळी ती दुव्याने होते. साधने बदलली, तरी रुग्णाने आपल्यासमोर वस्त्र बाजूस सारताना ठेवलेला विश्वास तोच आहे. प्रत्येक वैद्यबंधुभगिनीने व औषधनिर्मात्याने या आठवड्यात आपला मोबाइल उघडून त्यात रुग्णांची किती छायाचित्रे विनाकारण पडून आहेत, एवढे तरी मोजावे. सुरक्षिततेचा आरंभ तेथूनच होईल, असे आम्हांस वाटते.