समभाग, कर आणि बचतीची वाटणी : गुंतवणूकदारांच्या काही शंका

मुंबईत १८७५ साली दलालांची संघटना स्थापन झाली आणि शेअर बाजाराला रीतसर रूप आले. त्यानंतरही दीर्घकाळ समभागांची खरेदी-विक्री हा शहरातील थोड्या कुटुंबांपुरता व्यवहार राहिला. महाराष्ट्रातील नोकरदार आणि मध्यम शेतकरी यांची बचत टपाल कार्यालय, पतपेढी, विमा व सोने यांपलीकडे सहसा जात नसे. १९९६ च्या निक्षेपागार कायद्यान्वये समभाग कागदाऐवजी डिमॅट खात्यात नोंदरूपाने ठेवण्याची सोय झाली. पुढे मोबाइलवरून व्यवहार होऊ लागले आणि तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षकही या बाजाराचा ग्राहक बनला. त्याला पडणाऱ्या शंका मात्र बहुधा शेजाऱ्याच्या अनुभवावरून सोडविल्या जातात. अशा काही शंकांचा येथे परामर्श घेतला आहे.

अमळनेरचा दाखला

समभागांचा विषय निघाला की खानदेशात एक उदाहरण हमखास दिले जाते. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन झालेली कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणक क्षेत्रात जगप्रसिद्ध झाली. तिचे थोडेसे समभाग सांभाळून ठेवणारी गावातील साधी कुटुंबे त्यामुळे संपन्न झाली. ही हकीकत खरी आहे. तिच्यावरून 'एक चांगली कंपनी हेरावी आणि स्वस्थ बसावे' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून पाहावयास हवा.

तूप विकणारी ही कंपनी १९८० च्या सुमारास संगणकाकडे वळेल, हे १९४५ साली कोणास ठाऊक असणे शक्य नव्हते. मुंबईतील कापड गिरण्यांचे समभागही एके काळी भरवशाचे गणले जात. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या भागधारकांची प्रमाणपत्रे पेट्यांतच राहून गेली. अमळनेरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. गिरण्यांच्या भागधारकांची गोष्ट कोणी सांगत नाही, एवढाच काय तो फरक. म्हणूनच नवख्या गुंतवणूकदाराने आपली सारी रक्कम एका-दोन कंपन्यांत न घालता ती अनेक उद्योगांत विभागणे इष्ट ठरते. ज्यांना ताळेबंद वाचण्यास सवड नाही, त्यांना निर्देशांकाबरहुकूम गुंतवणूक करणारे म्युच्युअल फंड हा कमी खर्चाचा मार्ग उपलब्ध आहे.

किती रक्कम समभागांत ठेवावी, याचे एकच उत्तर नाही. येत्या तीन-चार वर्षांत शिक्षण, विवाह वा घरासाठी लागणारा पैसा तेथे ठेवू नये, इतके निश्चित सांगता येते. सेन्सेक्स हा निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्याही खाली आला. जुनी पातळी पुन्हा गाठण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. २३ मार्च २०२० रोजी तर एकाच दिवसात त्यात १३ टक्क्यांहून अधिक घसरण झाली. ज्याला थांबता आले, त्याचे फारसे बिघडले नाही. मुलीचे लग्न महिन्यावर आलेल्या पित्याला थांबता येत नाही. बँकेतील ठेवींवर व्याज कमी मिळते हे खरे. परंतु त्यांना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. समभागांना असे संरक्षण नसते.

नफ्यावरील कर

सर्वाधिक गैरसमज कराबाबत आढळून येतात. बाजारात नोंदलेले समभाग रोखे व्यवहार कर भरून विकले असता होणारा नफा, ते बारा महिन्यांहून अधिक काळ जवळ असल्यास दीर्घ मुदतीचा, अन्यथा अल्प मुदतीचा समजला जातो. २३ जुलै २०२४ पासून अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के दराने कर आहे. दीर्घ मुदतीच्या नफ्यापैकी वर्षाकाठी १,२५,००० रुपये वगळून उरलेल्या रकमेवर १२.५ टक्के कर द्यावा लागतो.

समजा, एखाद्याने २ लाखांना घेतलेले समभाग ३,८५,००० रुपयांस विकले आणि त्याचे अन्य उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे. नफा १,८५,००० रुपये झाला. चौदाव्या महिन्यात विक्री केली असल्यास कर ६०,००० रुपयांवर, म्हणजे ७,५०० रुपये व ४ टक्के उपकर धरून ७,८०० रुपये होईल. तेच समभाग अकराव्या महिन्यात विकले असते, तर ३८,४८० रुपये द्यावे लागले असते. बाजारात तेजी असताना तारीख पाहण्याचे भान राहत नाही. पण हा फरक एखाद्याच्या महिन्याच्या पगाराएवढा आहे. समभाग टप्प्याटप्प्याने घेतले असल्यास आधी घेतलेले आधी विकले असे धरले जाते, हेही लक्षात असावे.

नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. तेव्हा समभागांच्या नफ्यावर तो का, असे विचारले जाते. ही सवलत अशा विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या नफ्यास लागू होत नाही, हे त्याचे उत्तर होय. मात्र निवासी व्यक्तीचे इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर उरलेल्या मर्यादेत हा नफा सामावून घेता येतो. अल्प निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांना ही तरतूद उपयोगी आहे.

लाभांश करमुक्त असतो, ही समजूतही जुनी झाली. १ एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या उत्पन्नात मिळविला जातो. तोट्याची नोंद ठेवण्याकडे तर बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, दीर्घ मुदतीचा केवळ दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो. परंतु विवरणपत्र मुदतीत दाखल केलेले असले पाहिजे.

वायद्यांचा मोह

सकाळी घेऊन सायंकाळी विकणे, किंवा समभागांऐवजी वायदे व ऑप्शन यांचे सौदे करणे, यास गुंतवणूक म्हणता येत नाही. करकायदाही त्याकडे व्यवसाय म्हणूनच पाहतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. खात्रीचा नफा मिळवून देणारे वर्ग व संदेश यांची जाहिरात करणाऱ्यांना हा आकडा विचारून पाहावा.

पेटीतील जुने कागद

वडिलांच्या पश्चात सापडणारी प्रमाणपत्रे हा अनेक घरांतील प्रश्न आहे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांच्या विक्रीचे हस्तांतरण सर्वसाधारणपणे नोंदविले जात नाही. वारसाच्या नावे ते करता येतात, परंतु विकण्यापूर्वी डिमॅट खात्यात आणावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसल्यास तो व ते समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते मागणी अर्ज करून परत मिळविता येतात, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. करासाठी वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांनी समभाग बाळगल्याचा काळ वारसाच्या हिशेबात धरला जातो.

खात्यावर नामनिर्देशन केले म्हणजे मृत्युपत्राची गरज उरत नाही, असे मानणारेही पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी दिलेल्या निर्णयानुसार समभागांच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. मालकी वारसा कायद्यानुसार वा मृत्युपत्रानुसार ठरते. नामनिर्देशनामुळे समभाग तत्काळ कोणाच्या तरी ताब्यात येतात आणि कामे अडत नाहीत. ते कोणाचे, हे मृत्युपत्रात स्वतंत्रपणे लिहून ठेवावे लागते.